बछेऱ्यांचा उन्हाळा

होळी झाली की कूलर काढायचा. नागपुरात हे कुणी कुणाला सांगत नाही. एका सकाळी शेजारच्या गच्चीवरून पत्र्याचा खडखडाट येतो, दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातून, आणि मग आपल्यालाही वाटू लागतं, आता पुरे. माझा कूलर मोठा आहे, आई-बाबा होते तेव्हाचा. एकटीला तो उचलवत नाही. मी चौकीदाराला हाक मारते, तो एक बाजू धरतो, मी दुसरी, खिडकीपाशी टेकवला की तो निघून जातो. मग नवी खस बसवायची, पाणी भरायचं, बटण दाबायचं. पहिला वारा येतो तो ओल्या गवताच्या वासाचा. त्या वासासरशी मला खापा आठवतं. कन्हानच्या काठचा तो तबेला, दारांवर टांगलेली ओली बारदानं, आणि त्यांच्या आड माना खाली घालून उभ्या असलेल्या बछेऱ्या.

घोडेवाले तरुण नराला बछेरा म्हणतात आणि मादीला बछेरी. मी तेव्हा पशुवैद्यकाचं पुढचं शिक्षण घेत होते. माझ्या मार्गदर्शक बाईंनी विषय दिला होता तो असा: ऋतूप्रमाणे चारा बदलतो, त्याचा तरुण घोड्यांच्या रक्तावर काय परिणाम होतो आणि त्यात नर-मादी असा काही फरक पडतो का. ऐकायला कोरडा विषय. पण त्यासाठी एकाच ठिकाणी वाढणारी, सारख्या वयाची बरीच घोडी हवी होती, आणि तशी नागपूरच्या आसपास एकाच माणसाकडे होती. कापसाचा व्यापार सोडून हौसेनं घोडी पाळणारे ते गृहस्थ खाप्याजवळ शेतातच राहायचे. सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. मुलगा परदेशात, बायको वारलेली. बोलायला माणूस आल्याचा आनंद त्यांना इतका झाला, की मी काय करणार आहे हे त्यांनी नीट विचारलंसुद्धा नाही.

हिवाळ्यात मी जाऊन-येऊन काम केलं. सावनेरपर्यंत बस, पुढे ऑटो, मांडीवर बर्फाचा डबा. तेव्हा शेतात लसूणघास कमरेएवढी उभी होती, गाजरं होती, आणि घोड्यांच्या अंगावर हात फिरवला तर हात घसरायचा. उन्हाळा लागल्यावर बर्फ सावनेरलाच वितळू लागला. मग भाऊंनी दाणा ठेवायच्या खोलीशेजारची एक खोली मला दिली, मी रक्त फिरवायचं छोटं यंत्र तिथेच नेऊन ठेवलं आणि राहायला गेले.

त्या आवारात राहणारं तिसरं माणूस म्हणजे सिंधूताई.

माद्यांकडचं सगळं काम ती करायची. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, काटक, डोक्यावर पदर घट्ट खोचलेला. नवरा कामासाठी भिलाईला गेला तो परत आला नव्हता. एक मुलगी, ती कामठीला दिलेली, जावई पॉवरलूमवर. दसऱ्याला पांढरं पातळ नेसून सिंधूताई नागपूरला यायची, तेवढी एक सुट्टी. बाकी वर्षभर ती आणि बछेऱ्या. नरांकडे दुसरा एक माणूस होता, तो संध्याकाळी गावात घरी जायचा. सिंधूताईची खोली तबेल्याला लागूनच होती. भिंतीच्या एका अंगाला ती झोपायची, दुसऱ्या अंगाला राई.

राई म्हणजे त्यातली सर्वांत लहान चणीची बछेरी, काळसर, कपाळावर काही खूण नसलेली. जन्मली तेव्हा मोहरीच्या दाण्याएवढी होती, असं सिंधूताई सांगायची, म्हणून राई. तिच्याबरोबरच वाढलेला एक बछेरा होता, सरदार. घोडी वर्षाची झाली की नर आणि माद्या वेगळे करतात. मध्ये विटांची भिंत होती. वेगळं केल्यावर पहिले काही आठवडे राई आणि सरदार भिंतीच्या दोन बाजूंनी एकमेकांना हाका मारायचे, मग सरदार थांबला. राई नंतरही बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. हे मी पाहिलेलं नाही, सिंधूताईनं सांगितलेलं.

रक्त घ्यायची वेळ पहाटेची, चारा टाकण्याआधीची. घोड्याचं रक्त घेणं अवघड नसतं. मानेच्या खोबणीत अंगठा दाबला की शीर दोरीसारखी वर येते. अवघड असतं ते त्याला शांत ठेवणं. घोडा आपल्या प्लीहेत लाल पेशींचा साठा राखून ठेवतो, आणि घाबरला की तो सगळा रक्तात सोडून देतो. मग नळीतलं रक्त दाट दिसतं, आकडे फुगतात, आणि अशक्त जनावरसुद्धा कागदावर धडधाकट होतं. नर हूड असतात, त्यांच्याकडे मला पुन्हा पुन्हा थांबावं लागायचं. माद्यांकडे तसं झालं नाही, कारण सिंधूताई त्यांच्याशी बोलत उभी असायची. काही खास नाही. मीठ संपलं, मुलीचा फोन आला नाही, काल कुत्र्यानं चप्पल नेली. बछेरी एक कान तिच्याकडे वळवून ऐकत राहायची आणि मी सुई काढून घेतली तरी तिला कळायचं नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही माझ्याशी बोलतेय. मी उत्तरही दिलं. ती हसली.

मग मी खोलीत जाऊन केसासारख्या बारीक काचेच्या नळ्या यंत्रात लावायची. यंत्र थांबलं की नळीत तळाशी लाल, वर पिवळं. लाल भाग केवढा, ते मोजायचं. हिवाळ्यात तो भरघोस होता. चैत्रात उतरू लागला. तसं होणारच होतं. नदीत वाळू उरली होती, विहिरीला पाणी कमी, लसूणघासचा एवढासा तुकडा जगवलेला. बाकी घोड्यांच्या पुढ्यात गव्हाचं कुटार म्हणजे कोरडा भुसा, थोडी तुरीची चुनी आणि पाणी. नुसत्या कुटारावर पोट भरतं, रक्त भरत नाही. पण माद्यांच्या नळ्यांतलं लाल नरांपेक्षा फारच खाली गेलं होतं. मी बाईंना फोन करून सांगितलं. त्या खूश झाल्या. असा स्वच्छ फरक सहसा हाती लागत नाही, म्हणाल्या.

त्याच दिवसांत राई भिंत चाटू लागली. चाटता चाटता विटांमधली माती दातांनी उकरायची. चालताना मागे पडायची. मी तिचा ओठ वर करून हिरडी पाहिली तर ती पांढुरकी होती. जंताची शंका आली, लीद तपासली, तीत काही निघालं नाही. ताप नव्हता. काय चुकतंय ते कळेना, म्हणून मी संध्याकाळी चारा टाकायच्या वेळेला तिथे जाऊन बसले. एवढे दिवस मी कधी बसले नव्हते, त्या वेळी मी खोलीत आकडे उतरवत असायची. पाहिलं तर लसूणघासचा भारा सगळाच्या सगळा भिंतीपलीकडे गेला. माद्यांच्या पुढ्यात कुटार आलं.

मी सिंधूताईला विचारलं, हे आजच असं का.

"रोजचंच हाय," ती म्हणाली. "हिरवं नरायले. उरलं तं इकडं. उन्हाळ्यात काय उरते?"

"पण का?"

"काहून म्हन्जे? नरायले गिऱ्हाईक येते, मॅडम. माद्यायले कोण पायते?" ती कुटार हातानं पसरत होती. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. मागच्या उन्हाळ्यात तिनं भाऊंना सांगून पाहिलं होतं, त्यांनी हो म्हटलं होतं आणि विसरले होते. पुन्हा काय सांगायचं.

त्या संध्याकाळी मी खाटेवर बसून माझे आकडे पाहत राहिले. नर-मादीतला फरक म्हणून जो मी लिहून ठेवला होता, त्यातला किती मादीपणाचा आणि किती भिंतीपलीकडे जाणाऱ्या भाऱ्याचा, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. आमच्या घरात दुधाचा पेला भावाला मिळायचा. आई वाईट नव्हती, दूध थोडं असायचं. इथले भाऊही वाईट नव्हते.

मी त्यांच्याशी बोलले. ओसरीवर बसून त्यांनी सगळं ऐकलं. घास आहे तेवढीच आहे, म्हणाले, पाणी आणू कुठून. नर पुढच्या वर्षी दिवाळीनंतर विकायचे, ते खंगले तर कोण घेईल. मी म्हटलं, सगळ्यांना सारखी वाटा, नर थोडे उतरतील, पण राई वाचेल. मग त्यांनी विचारलं, "आणि तुमच्या अभ्यासाचं काय? मध्येच चारा बदलला तर चालतो का?"

माझ्या कामाबद्दलचा त्यांचा तो पहिला प्रश्न, आणि नेमका तोच मी स्वतःला विचारायचा टाळत होते. चालत नव्हतं. बाईंनीही फोनवर तेच सांगितलं, समजुतीनं. चारा बदललास तर हा उन्हाळा गेला, पुढच्या उन्हाळ्यात पहिल्यापासून. बदलला नाहीस तर जे आहे ते, चाऱ्याची नोंद करून, लिहिता येईल. तू ठरव. माझं लग्न तेव्हा जवळजवळ ठरल्यासारखं होतं. अभ्यास संपला की करू, असं त्या घरच्यांना सांगितलं होतं. आणखी एक वर्ष म्हणजे काय होईल याची मला कल्पना होती, आणि तसंच झालं. त्यांनी दुसरीकडे स्थळ पाहिलं. त्यांचा काही दोष नाही.

दुसऱ्या सकाळी भाऊंना, चारा बदलू, असं सांगून सिंधूताई आणि मी विळे घेऊन घास कापायला गेलो. भारा तिनं डोक्यावर घेतला आणि भिंतीपाशी येऊन दोन सारखे ढीग केले. राईच्या पुढ्यात हिरवं टाकलं तर ती आधी हुंगत राहिली. तिला ते ओळखीचं वाटेना. मग एक काडी ओढली. सिंधूताई तिच्याकडे पाहत उभी होती, आणि उभ्या उभ्या एकदम खाली बसली.

ऊन अजून चढायचं होतं. मी तिला सावलीत नेलं, पाणी दिलं. चक्कर रोजच येते, म्हणाली, उठलं की येते, मग जाते. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं खाली ओढली. घोड्यांची ओढते तशीच ओढली. आतला रंग कागदासारखा होता. एवढ्या दिवसांत मी तबेल्यातल्या प्रत्येक डोळ्याच्या आत पाहिलं होतं, आणि ती रोज माझ्यासमोर उभी होती.

"मी काय बछेरी आहो काय?" तिनं माझा हात बाजूला केला.

सावनेरच्या दवाखान्यात न्यायला मला बरंच बोलावं लागलं. मी गेल्यावर यायले पाणी कोण दाखवल, हा तिचा एकच मुद्दा. शेवटी नरांकडच्या माणसाला दिवसभर थांबवलं आणि आम्ही ऑटोनं गेलो. तिथल्या डॉक्टरांनी रक्त पाहून मलाच विचारलं, या चालतात कशा? गोळ्या दिल्या. जेवता काय, असं तिला विचारलं. जेवतो ना सगळ्यायसारखं, ती म्हणाली. मला माहीत होतं ती काय जेवते. सकाळी चहा, दुपारी चहात बुडवलेली शिळी भाकर, रात्री भूक लागली तर मुरमुरे. परत येताना ऑटोत मी विचारलं, स्वयंपाक का करत नाहीस. पळस झडून गेला होता, रस्त्याच्या कडेला सगळं पिवळं पडलेलं. ती बाहेर पाहत होती.

"एकटीसाठी काय चूल पेटवाव, पोरी," ती म्हणाली. "भाकर थापली का ते तव्यावर एकटीच दिसते."

त्या दिवसापासून मी मॅडमची पोरी झाले, आणि आमची चूल एक झाली. मी खोलीत स्टोव्हवर खिचडी करून उभ्यानंच खायची, ते बंद झालं. ती ज्वारीच्या भाकरी थापायची, मी अंबाडीची भाजी निवडायची. कैरी भाजून पन्हं व्हायचं. बोलायला फार काही नव्हतं. बारदानांवर पाणी शिंपडायचं, ते टपटपत राहायचं, आत घोडी शेपट्या हलवायची, आणि ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी दाराच्या आड बसून राहायचो. कधी भाऊ काठी टेकत यायचे आणि पन्हं मागायचे. उन्हानं माणसं आत कोंडली जातात, तसं आम्हालाही कोंडलं होतं, पण एका ठिकाणी कोंडलं होतं. माझ्या आयुष्यात मी इतकी कुणाबरोबर कधी राहिले नाही. हे तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा मला वाटत होतं, मी घोड्यांच्या रक्ताची वाट पाहतेय.

रक्त हळूहळू चढलं. त्याला वेळ लागतो. नदीकाठी गवत आलं तोवर राईच्या नळीतलं लाल हिवाळ्याच्या जवळ पोचलं होतं. तिनं भिंत चाटायचं सोडलं. सिंधूताईची चक्कर थांबली, मग तिनं गोळ्याही सोडल्या, मग मी तिला रागावले, मग तिनं परत सुरू केल्या.

पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांना सारखा चारा देऊन मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. नरांचं रक्त माद्यांपेक्षा थोडं जास्त भरलं, पण थोडंच. त्यातलंही काही त्यांच्या हुडपणाचं असेल. खरा मोठा फरक हिरव्या आणि कोरड्या दिवसांतला होता, आणि तो दोघांनाही सारखाच लागू होता. निसर्गानं ठेवलेला फरक एवढासाच निघाला. बाकीचा आम्ही घातलेला. प्रबंधात हे असं लिहिता येत नाही, मी दुसऱ्या शब्दांत लिहिलं. बाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि पुढचं उलटलं.

भाऊ गेले तेव्हा मुलगा आला, आणि त्यानं करायला हवं होतं तेच केलं. शेताचे प्लॉट पडले. नर चांगल्या घरी गेले. माद्या वरातीसाठी घोडी भाड्यानं देणाऱ्यांनी घेतल्या, कारण नवरदेवाला घोडीच लागते. म्हणजे त्यांनाही गिऱ्हाईक होतं, फक्त आमच्याकडे कुणी विचारायला आलं नव्हतं. राईला नेलं त्या दिवशी मी खाप्याला गेले होते. ट्रकच्या फळीवर ती चढेना. सिंधूताई पुढे चढली आणि तिच्याशी बोलू लागली. काय बोलत होती ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. राई एक कान वळवून वर गेली. मग सिंधूताई खाली उतरली, फळी लागली, ट्रक निघाला. ती तबेल्यात जाऊन रिकाम्या जागा झाडू लागली. मी तिला म्हटलं, आता कुणासाठी झाडतेस. राहू दे ना, म्हणाली.

ती मुलीकडे कामठीला गेली. मी दोन-तीनदा भेटून आले. मागांच्या खडखडाटात बोलणं नीट व्हायचं नाही, मुलीच्या घरात बसायला जागा थोडी. तिचा रंग बरा होता, जेवत होती, नातू मांडीवर होता. मला बरं वाटलं आणि थोडं नाहीही वाटलं. पुढे जावयाला सुरतेत काम मिळालं आणि सगळे तिकडे गेले. सुरुवातीला तिचा फोन यायचा, मुलीच्या फोनवरून. नंतर तो नंबर दुसऱ्याच कुणाकडे गेला. मी लावला की एक पुरुष गुजरातीत बोलतो. आता मी लावत नाही.

मी नागपुरातच एका प्रयोगशाळेत जनावरांचं रक्त तपासते. कुत्री, मांजरी, गाई. घोडे क्वचित. नळ्या येतात, त्यांच्यावर चिठ्ठी असते, जनावर दिसत नाही. काम चांगलं चाललंय. घरी आल्यावर कूलर लावते, काहीतरी खाते.

परवा संध्याकाळी आमच्या रस्त्यावरून वरात गेली. लग्नांचे दिवस आहेत, रोज एखादी जाते, मी गॅलरीत सहसा येत नाही. परवा दूध आणायला खाली उतरले होते आणि गर्दीत अडकले. घोडी पांढरी होती, झालरींनी झाकलेली. राई नव्हती, राई असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मी वरातीबरोबर चालत गेले. मंगल कार्यालयाच्या दाराशी नवरदेवाला उतरवलं, बँड थांबला, सगळे आत गेले. बाहेर घोडी उरली आणि तिचा माणूस. पन्नाशीचा असेल, डोक्याला गमछा. मी त्याला विचारलं, हिला काय घालता.

"कुटार, चुनी. हिरवं भेटलं तर हिरवं," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुम्ही काहून थांबल्या मॅडम? जा नं, आत पंगत बसून राहिली."

त्याला मी वऱ्हाडातली वाटले. मी विचारलं, तुम्ही जेवलात का. दुपारपासून नाही, पण घोडीपाशी कुणीतरी लागतं, असं त्यानं सांगितलं.

मी दुधाची पिशवी कठड्यावर ठेवली आणि त्याच्या हातातून दोरी घेतली. तो थोडा घुटमळला, मी घोडी कशी धरते ते त्यानं पाहिलं, आणि चप्पल घासत आत गेला. आतून ताटं मांडल्याचा आवाज येत होता. डांबर अजून तापलेलं होतं. घोडी एक पाय दुमडून उभी राहिली, तिचा श्वास माझ्या दंडावर येत होता. मग मी तिला सांगितलं, की दूध आणायला निघाले होते, आता नासेल बहुतेक, आणि नासलं तर नासलं. तिनं एक कान माझ्याकडे वळवला.